ऑडिओ-व्हिडिओ बातमीदारी शिकायचीय. आधी माईक की आधी कॅमेरा?

फुटकळ_लेखिका

नमस्कार मंडळी,

९ वर्षं छापील मजकुरात गेली. वही, पेन, चार फोन, ८०० शब्द, विषय संपला. आता प्रत्येक बातमीमागे "सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ द्या" आणि "याचा पॉडकास्ट होईल का बघा" असं सुरू झालंय. कुरकुर करायला आलेले नाही, मला खरंच शिकायचंय. पण पहिल्याच प्रयत्नात तोंडावर आपटले.

विषय साधा निवडला होता. शिवणयंत्रं दुरुस्त करणारे एक काका, ४० वर्षं तेच काम करतायत. माणूस बोलका, हातात जादू. लिहायचं असतं तर संध्याकाळपर्यंत हातावेगळं केलं असतं. इथे दीड तासाचं रेकॉर्डिंग आणि ४३ क्लिपा घेऊन बसलेय आणि त्यातून काही म्हणजे काही उभं राहत नाहीये. काकांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. व्हिडिओत काका म्हणजे उजळ खिडकीपुढची एक काळी आकृती. शिवाय सगळ्या क्लिपांत मी कॅमेरा नुसता इकडून तिकडे फिरवलाय, कशावरही तीन सेकंद स्थिर नाही.

तर जाणकारांनो, आधी ऑडिओ शिकावं की व्हिडिओ? कोर्स लावावा की करत करत शिकावं? फोनवर भागतं की सामान घ्यावंच लागतं? सध्या माझ्याकडे फोन आहे आणि उत्साह आहे. त्यातला उत्साह कमी होत चाललाय.

कानसेन

आधी माईक. पुढचं बोलण्याआधी एक सांगा, फोन ठेवला कुठे होता?

फुटकळ_लेखिका

टेबलावर, आमच्या दोघांच्या मधोमध.

कानसेन

म्हणजे तुम्ही टेबलाची मुलाखत घेतलीत. :)

चिडू नका, रेडिओत पहिल्या वर्षी मीही तेच केलंय. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. तुमची विहीर ती हीच. माईक लांब राहिला, म्हणून त्यात माणसापेक्षा खोली जास्त भरली गेली. फोन हातात घ्या आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून एका वितीवर धरा. अगदी ओठांसमोर नको, जरा बाजूला. आपल्याकडे फ आणि भ पावलोपावली येतात. ते थेट माईकवर आदळले की 'भप्प' असा हवेचा धक्का बसतो, तो नंतर नीटसा निघत नाही.

दुसरं, हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही. आपला मेंदू नको ते आवाज परस्पर गाळतो. पंख्याची घरघर, लांबचा पंप, ट्यूबलाइटची गुणगुण, बसल्या जागी काही जाणवत नाही. माईकला मेंदू नसतो, तो सगळं घेतो. मीटरवर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकला की फाटला. बारीक आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही, काकांकडे नेला तरी.

आणि निघण्यापूर्वी एक मिनिट कुणीही न बोलता नुसता खोलीचा आवाज घ्या. दोन वाक्यांच्या मधे कात्री लावाल तेव्हा ती फट भरायला तोच लागतो. फटीत कोरी शांतता टाकली तर ऐकणाऱ्याला वाटतं, फोन कट झाला.

खुंटी

एक मिनिट कुणीही न बोलता? या संस्थळावर हे कोणाकोणाला जमेल, हात वर करा.

तिपाई

आवाजाबद्दल कानसेनांना पूर्ण अनुमोदन. 'आधी माईक'ला मात्र नाही. मला तरी दोन्ही एकदमच शिकणं सोपं गेलं, कारण कॅमेरा तुम्हाला गप्प उभं राहून बघायला लावतो. लेखिकाताई, तुम्ही फिरवलेला कॅमेरा हा तुमच्या डोळ्यांचा गोंधळ आहे. काय बघायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून कॅमेरा शोधत राहिला.

पाच शॉटांची जुनी पद्धत आहे, व्हिडिओ शिकवणारे बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी फक्त हात: स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, बोटं. मग चेहरा, हातांकडे बघणारा. मग लांबून, माणूस आणि त्याची जागा एकत्र. मग त्याच्या खांद्यावरून, त्याला दिसतं ते. पाचवा तुमच्या मनाचा: सुईच्या उंचीवरून, जमिनीवरून यंत्राचं पायडल, काहीही. प्रत्येक शॉट हलवायचा नाही, झूम नाही, मनात दहा आकडे मोजायचे. पहिले काही दिवस हे दहा आकडे जन्मासारखे लांब वाटतात. एडिट करताना कळतं की तेवढे तरी हवेतच.

खिडकीचं उत्तर एका ओळीत: खिडकी तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला, काकांच्या पाठीमागे कधीच नाही. खुर्ची फिरवा, माणसं हो म्हणतात. आणि दिव्यांच्या उजेडात चित्र लपलपत असेल तर, जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवून बघा. बहुतेक दिवे शांत होतात.

प्रश्नचिन्ह

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली). सामानाचं कुणी सांगेल का? एका मित्राने भलीमोठी यादी पाठवलीय, ती बघूनच थकलो.

ढापण्या

घ्या, माझा विषय आला. कॉलर माईक एक (तारेचा, वायरलेस नंतर), बंद कपांचे हेडफोन, छोटी तिपाई (आयडी नव्हे, वस्तू). ऑडिओसाठी ऑडॅसिटी फुकट आहे, २००० सालापासून लोक वापरतायत. व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली. व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर, २४ बिटवर घ्या. ४४.१ हा सीडीचा हिशेब आहे. हल्ली ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर आलेत, त्यांत लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते. पण माईकच गुदमरला असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

शेवटी सगळ्याची पातळी एकसारखी करा. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये त्यासाठी आर १२८ नावाचं मानक काढलं, त्यात उणे २३ लफ्स (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) धरतात. पॉडकास्टवाले साधारण उणे १६ धरतात, कारण ऐकणारा गर्दीत इयरफोन लावून चालत असतो. नाहीतर मुलाखत घेणारा कानात ओरडतो आणि देणारा कुजबुजतो. मग शॉटगन माईक, बूम, केसाळ विंडशील्ड, फिल्टर, एलईडी पॅनल...

खुंटी

ढापण्याभाऊ, थांबा. त्यांना काकांची मुलाखत घ्यायचीय, काकांवर सिनेमा काढायचा नाहीये.

बोरूबहाद्दर

मी जरा उलटा सूर लावतो. चांगलं लिहिणारीला हे सगळं का? जे वाचक दोन मिनिटांत वाचतो ते ऐकायला आठ मिनिटं लागतात. मागे जाऊन परत ऐकायचं तर अंदाजाने बोट सरकवत बसा. आणि हल्ली फोन आडवा धरला की झाला पत्रकार, हेही डोक्यात जातं.

मीच_ती

बोरूबहाद्दर, आडवा की उभा ते बाजूला ठेवू. २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचं चित्रण डार्नेला फ्रेझिअर या १७ वर्षांच्या मुलीने फोनवर केलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या मृत्यूला 'वैद्यकीय घटना' म्हटलं होतं. तो व्हिडिओ नसता तर तेवढंच छापून आलं असतं. २०२१ मध्ये पत्रकारितेचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने तिचा विशेष सन्मान केला.

बोरूबहाद्दर

ते मान्य. पण ती साक्षीदार होती. पत्रकाराचं काम त्याच्या पुढे सुरू होतं: कोण, कुठे, कधी, खरं का. ते फोन शिकवत नाही. माझा राग फोनवर नाही, त्या 'पुढे'ला फाटा देण्यावर आहे.

मीच_ती

यावर भांडता येत नाहीये, वैताग.

कानसेन

'लिहून होतं ते ऐकवायचं कशाला' यावर माझं आवडतं उदाहरण. २४ ऑगस्ट १९४०, लंडन, हवाई हल्ल्याचे भोंगे वाजतायत. अमेरिकी रेडिओ बातमीदार एडवर्ड मरो ट्रफाल्गर चौकातून अमेरिकेसाठी थेट बोलत होते. त्यांनी काय केलं, तर माईक खाली नेला, पायांजवळ. अंधारात आसऱ्याकडे जाणाऱ्या लोकांची पावलं ऐकवली. कुणी पळत नाहीये, सगळे चालतायत. 'लंडनकर घाबरले नाहीत' हे वाक्य तुम्ही लिहू शकता, वाचक मानेल किंवा न मानेल. पावलं ऐकली की मानण्या-न मानण्याचा प्रश्नच उरत नाही.

अवांतर: जुनी टेप मशीन वापरलेल्यांसाठी. नाग्रा आठवतं का? स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये बनवलेलं, खांद्याला अडकवून न्यायचं रेकॉर्डर. पोलिश भाषेत 'नाग्रा' म्हणजे 'रेकॉर्ड करील'. त्याचा पट्टा खांद्यात असा रुतायचा की कुठली मुलाखत किती लांबली ते वळावरून कळायचं.

फुटकळ_लेखिका

पावलांचं वाचून अंगावर काटा आला आणि लगेच पोटात गोळाही. कारण माझी खरी चूक आता लक्षात आली, ती मी वर लिहिलीच नव्हती.

मी गेले तेव्हा काकांसमोर एक पायाचं यंत्र होतं, बिघडलेलं. ते काहीतरी भयंकर वाजत होतं. काका डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "शटलजवळ दोरा अडकलाय, आणि पट्टा सैल आहे." उघडलं, तर तसंच. मी भारावून बघत राहिले. पंधरा मिनिटांत यंत्र सुरळीत झालं, आणि मग मी म्हणाले, "चला काका, आता सुरू करू," आणि फोन काढला.

म्हणजे माझ्याकडे फक्त दुरुस्त झालेल्या यंत्राचा आवाज आहे. गोष्ट होती त्या बिघडलेल्या आवाजात, आणि तोच नाही. काकांना सांगून पट्टा परत सैल करून घेऊ का? दोन मिनिटांचं काम आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

कानसेन

नको.

संकलिका

नको म्हणजे का नको, ते सांगा ना. मी एडिटिंग टेबलवर बसते, माझ्याकडे रोज असला माल येतो. विचारणारीने निदान विचारलं तरी, बाकीचे विचारतही नाहीत.

कानसेन

लेखिकाबाईंनाच विचारतो. तुम्ही वहीत एखादं वाक्य टिपायला विसरलात. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करून "काल जे बोललात तसंच काहीतरी परत बोला" म्हणून अवतरणचिन्हांत टाकाल? आवाज म्हणजे आमचं अवतरण आहे. ऐकणारा समजतो की हे यंत्र तेव्हा असं वाजत होतं.

तिपाई

आता मी जरा अडचणीत आणणारं बोलते. व्हिडिओत आम्ही हे रोज करतो. एकच कॅमेरा असतो. हात, चेहरा, खांद्यावरून असे तीन शॉट हवे असतील तर "काका, तो स्क्रू परत एकदा काढा" म्हणावंच लागतं. दारातून आत येणारा माणूस तुम्हाला आतून आणि बाहेरून दिसतो, म्हणजे तो दोनदा आलेला असतो. हे खोटं धरलं तर निम्म्या बातम्या खोट्या.

बोरूबहाद्दर

दोनदा?? मी इतकी वर्षं भाबडेपणाने बघत होतो.

तिपाई

मग हेही ऐकून ठेवा. मुलाखतीत मधेच पत्रकार मान डोलावताना दिसतो ना? पुष्कळदा समोरचा उठून गेलेला असतो आणि पत्रकार रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत असतो. त्याला 'नॉडी' म्हणतात. बोलण्यात कात्री लावली की तो जोड झाकायला वापरतात. ब्रिटनच्या फाइव्ह न्यूजने २००७ मध्ये हे बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं.

खुंटी

रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवणं, म्हणजे आमच्या ऑफिसातली ऑनलाइन मीटिंग.

संकलिका

तिपाई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण माझ्या मते रेघ इथे पडते. जे काम तो माणूस तुमच्या येण्याआधीही करत होता आणि नंतरही करणार आहे, ते परत करायला सांगणं एक. जे आत्ता घडत नाहीये ते घडवून 'घडलं' म्हणून दाखवणं दुसरं. यंत्र मुद्दाम बिघडवून काकांना डोळे मिटून ओळखायला लावणं हे दुसऱ्यात गेलं. ओळखणारा आधीच उत्तर जाणतो, मग त्यात उरलं काय?

आणि कुठल्या तरी साउंड लायब्ररीतून दुसऱ्या यंत्राचा खडखडाट आणून चिकटवू नका. विचारलंच असेल कुणी मनात म्हणून सांगते.

ढापण्या

मनात विचारलं होतं. मागे घेतो.

शीघ्रकोपी

सगळे नीतिमत्तेत घुसले, धागाकर्तीने कोर्सचं विचारलं होतं ते राहिलं. मी सहा महिन्यांचा एक केला. पहिले दोन महिने पत्रकारितेचा इतिहास, मग कॅमेऱ्याचे भाग फळ्यावर. आठ जणांत एक कॅमेरा. माझ्या वाट्याला आठवड्यातून वीस मिनिटं. पूर्ण केलेल्या स्टोऱ्या: एक. ती पण गटात. सॉफ्टवेअरचं बटण कुठे आहे हे शिकायला कुणाला पैसे देऊ नका, ते फुकट कळतं.

मीच_ती

माझा अनुभव वेगळा. माझा सहा आठवड्यांचाच होता, पण दर शुक्रवारी तीन मिनिटांचा तुकडा द्यायचा आणि सगळ्यांसमोर वाजवायचा. शिकवणाऱ्या बाई फार बोलायच्या नाहीत. फक्त वर्गातलं कोण कधी फोनकडे बघतं ते सेकंदासकट कागदावर लिहायच्या आणि तो कागद हातात द्यायच्या. माझ्या पहिल्या तुकड्यात सगळे ११ व्या सेकंदाला गेले होते, कारण मी सुरुवात स्वतःच्या ओळखीने केली होती. त्या कागदासाठी मी परत पैसे देईन. कोर्स निवडताना एवढंच विचारा: माझे किती तुकडे पूर्ण होणार आणि ते कोण ऐकणार?

फुकटात वाचायचं तर ट्रान्सम ही साइट आणि एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या प्रशिक्षण विभागाची पानं चांगली आहेत. इंग्रजीत आहेत, पण काम मनापासून करणाऱ्यांनी लिहिलेली.

संकलिका

एक गोष्ट लिहिणारे हमखास चुकतात: निवेदन. लेखिकाबाई, तुमचं निवेदन लिहून झालं असेल तर मोठ्याने वाचा. जिथे श्वास संपेल तिथे वाक्य तोडा. छापील मराठीत आपण क्रियापद शेवटी ठेवून मधे चार विशेषणवाक्यं कोंबतो. वाचणारा मागे जाऊन जुळवतो, ऐकणारा कर्ता विसरून गेलेला असतो. आकडे तर बघायलाच नकोत. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' कानाला किती जवळचे आहेत ते स्वतःच ऐका. मी सरळ 'साठला एक कमी' किंवा 'जवळजवळ साठ' करून घेते. ४७,८३२ असेल तर 'अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास'.

कागदावर आधी जुळवाजुळव करा, मग टाइमलाइन उघडा. दीड तासाचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकून उतरवून काढा, कंटाळा आला तरी. व्हिस्परसारखी यंत्रं मराठी उतरवून देतात, पण बोली आणि विशेषनामं आली की वाटेल ते लिहितात. शिवाय ती 'काय' म्हटलं ते लिहितात, 'कसं' म्हटलं ते नाही. काका कुठे थांबले, कुठे हसले, कुठे हाताने काहीतरी ठोकून दाखवलं, हे तुम्हालाच ऐकावं लागणार.

प्रश्नचिन्ह

रच्याकने (जाता जाता विचारतो), तासाच्या रेकॉर्डिंगला उतरवायला किती वेळ लागतो?

संकलिका

हाताने उतरवलं तर चार तास धरा. म्हणून तर पुढच्या वेळी माणूस आपोआप कमी रेकॉर्ड करतो आणि नेमकं विचारतो.

कानसेन

+१. आणि उतरवताना स्वतःला ऐका. नवख्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मुलाखत देणाऱ्यापेक्षा मुलाखत घेणाऱ्याचे 'हं, हं, अच्छा, बरोबर' जास्त असतात. समोरासमोर ते सौजन्य, टेपवर तो कचरा. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या, तोंड बंद. उत्तर संपल्यावर मनात तीन मोजा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. त्या तीन सेकंदांत समोरच्याला अवघडतं आणि तो खरं बोलतो.

खुंटी

(तीन सेकंद थांबून) हे मी घरी करून बघितलं. "ऐकताय ना?" असा प्रश्न आला.

बोरूबहाद्दर

अवांतर. मरोंवरून आठवलं. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज पेटून कोसळलं, त्या अपघाताचं ते रडवेलं वर्णन सगळ्यांना थेट प्रक्षेपण वाटतं. ते थेट नव्हतंच. रेडिओ निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचं ते बोलणं तबकडीवर मुद्रित केलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ऐकवलं. ध्वनिमुद्रण करणारं यंत्र किंचित हळू फिरत होतं, म्हणून नेहमी वाजवली जाणारी प्रत मूळ आवाजापेक्षा चढी आणि घाईची वाटते. म्हणजे वेगातल्या फरकाने माणूस होता त्याहून जास्त घाबरलेला ऐकू येतो. तुमच्या अवतरणवाल्या मुद्द्याला जोड म्हणून सांगितलं.

कानसेन

बोरूबहाद्दर, तुम्ही विरोधात होता ना?

बोरूबहाद्दर

विरोधातच आहे. पण रात्री दोन वाजेपर्यंत हेच ऐकत बसलो होतो.

फुटकळ_लेखिका

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

संकलिका म्हणाल्या म्हणून पूर्ण दीड तास उतरवून काढला. पाच संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटली. दुसऱ्या संध्याकाळी मोजलं, पहिल्या २० मिनिटांत माझे ६४ 'हं' आहेत. कानसेन, तुम्ही 'कचरा' म्हणालात ते फार सौम्य होतं.

चौथ्या संध्याकाळी, ५३ व्या मिनिटाला, मी विचारलंय की शिकाऊ पोरांना तुम्ही काय शिकवता. काका म्हणतात, "आधी ऐकायला लावतो." आणि मग ते तोंडाने आवाज काढून दाखवतात. पट्टा सैल असेल तर असा: फटक्-फटक्-फट्. शटल अडलं तर: खट्ट, खट्ट, खर्र्र. मग म्हणतात, "मघाचं यंत्र असं होतं," आणि दोन्ही एकत्र करून वाजवतात, पायाने फरशीवर ताल धरून. सात-आठ सेकंद. मी समोर बसले होते, हसले असेन, आणि विसरून गेले. माझ्या डोक्यात 'खरा आवाज हुकला' हेच चालू होतं.

हवा होता तो आवाज माझ्याकडे होता. खुद्द काकांच्या तोंडून. आणि त्या आठ सेकंदांवर, बरोब्बर 'खर्र्र'वर, माझं ठसठशीत "हं हं, बरोबर!"

मीच_ती

अरे देवा. 'बरोबर'!

संकलिका

एकाच माईकवर आहे का दोन्ही?

फुटकळ_लेखिका

एकच. टेबलावरचा.

संकलिका

दोन माईक, दोन ट्रॅक असते तर तुमचा बराचसा दाबता आला असता. आता आवाज वेगळे करणारी साधनं वापरून बघता येईल, पण ती गाळता गाळता 'खर्र्र'चा लगदा करतील. कापू नका. त्या आधी एक ओळ निवेदन टाका आणि आहे तसं वाजू द्या.

फुटकळ_लेखिका

तेच केलं. निवेदन असं: "मी रेकॉर्डर लावला तेव्हा यंत्र दुरुस्त झालं होतं. ते आधी कसं वाजत होतं, ते काकाच सांगतील." मग काका, फटक्-फटक्-खर्र्र, माझं 'बरोबर'सकट. आणि त्याला लागून दुरुस्त यंत्राचा खरा आवाज, तो माझ्याकडे सुदैवाने स्वच्छ होता, कारण तेव्हा मी फोन हातात धरून यंत्राजवळ नेला होता. एकूण ३ मिनिटं ४० सेकंद. व्हिडिओ सोडून दिला, ४३ पैकी चारच क्लिपा कामाच्या निघाल्या. तिपाई, पुढच्या वेळी दहा आकडे मोजेन, वचन.

काल काकांना जाऊन ऐकवलं. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं, यंत्र ऐकतात तसंच. संपल्यावर म्हणाले, "शटलचा बरोबर नाही आला. त्या दिवशी घसा बसला होता. परत करून दाखवू?"

खुंटी

घ्या. काकाच रीटेक मागतायत.

बोरूबहाद्दर

आता बोला, नीतिवाले. हे चालतं का?

तिपाई

काकांनी स्वतः मागितलं तर चालतं. नाही का? कानसेन?

कानसेन

चालतं. फक्त या वेळी फोन टेबलावर ठेवू नका.